खिशातला व्हिडिओ कॅमेरा: फ्लिप घ्यावा की कोडॅक?

मळ्यातला_मास्तर | १४ सप्टेंबर २०१०

रामराम मंडळी.

ताई दिवाळीला सॅन होजेहून इस्लामपूरला येणार आहे. दरवेळी बदाम आणि शाम्पू आणते. यंदा मी आधीच सांगून ठेवलंय, बदाम राहू देत, व्हिडिओ कॅमेरा आण. तिकडे शर्टाच्या खिशात मावणारे कॅमेरे दोनशे डॉलरच्या आत मिळतात म्हणे. डॉलर सेहेचाळीस रुपयांच्या आसपास धरला तर नऊ-सव्वानऊ हजार होतात. माझी उडी तेवढीच.

आता कशासाठी हवा ते सांगतो, म्हणजे उगाच महागातलं काही सुचवायचा तुमचा वेळ वाचेल.

पोरगी दीड वर्षाची आहे. चालणं तिला माहीतच नाही, थेट पळते. डिजिटल कॅमेऱ्याच्या व्हिडिओत तिचा नुसता फराटा दिसतो. दुसरं, वडील. वय ७४. हार्मोनियम वाजवतात आणि दर एकादशीला विठ्ठल मंदिरात भजनाला बसतात. त्यांच्या आवाजाची एक कॅसेटसुद्धा घरात नाही, आणि आता गळा पूर्वीसारखा चालत नाही, त्यामुळे हे काम पुढे ढकलायचं नाहीये. कार्तिकी एकादशी १७ नोव्हेंबरला आहे, तोवर हात बसला पाहिजे. तिसरं, मी ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवतो. टायट्रेशन करताना फ्लास्कमधला गुलाबी रंग नेमका कुठल्या थेंबाला टिकतो, हे साठ पोरांना एका टेबलाभोवती उभं करून दाखवता येत नाही. जवळून शूटिंग करून प्रोजेक्टरवर दाखवायचा विचार आहे.

झूम नसला तरी चालेल. लग्नाचं शूटिंग करायचं नाही. मात्र माझी आई आणि बायको, दोघींनाही मला हाक न मारता वापरता आला पाहिजे.

घरची परिस्थिती अशी: पेंटियम ४, एक जीबी रॅम, विंडोज एक्सपी. ब्रॉडबँड २५६ केबीपीएसचं. टीव्ही २१ इंची, जुना, पोटवाला. भारनियमन रोजचं.

ताईनं चार नावं पाठवलीत. फ्लिप अल्ट्रा एचडी, कोडॅक झेडआय८, कोडॅक प्लेस्पोर्ट आणि सोनी ब्लॉगी. नेटवरचे रिव्ह्यू वाचले, पण ते सगळे १०८०पी आणि ७२०पी (म्हणजे चित्रात आडव्या ओळी किती) वरच भांडतात. हे रोज वापरणारं कुणी आहे का इथे?

सडेतोड | १४ सप्टेंबर २०१०

मास्तर, असल्या डबड्यांच्या नादी लागू नका. त्याच पैशात थोडी भर घालून सेकंडहँड मिनी डीव्हीचा हँडीकॅम मिळेल. खरा ऑप्टिकल झूम, खरी लेन्स. खिशातले कॅमेरे म्हणजे अमेरिकनांची खेळणी.

खारी_बिस्कीट | १५ सप्टेंबर २०१०

मास्तर, मी एडिसनला राहते, न्यू जर्सीत. माझ्याकडे आधी फ्लिप अल्ट्रा एचडी होता. तो आता ठाण्याला सासूबाईंकडे असतो आणि माझ्या पर्समध्ये कोडॅक झेडआय८. दोन्ही रोजच्या वापरातले आहेत, म्हणून जरा लांबण लावते.

आधी सडेतोड यांचं. हँडीकॅमचं चित्र चांगलं येतं, वाद नाही. पण मिनी डीव्हीची तासाभराची टेप कॉम्प्युटरवर घ्यायला पुरता तास लागतो, आणि त्याला फायरवायर पोर्ट (अशा कॅमेऱ्याची वायर लावायची वेगळी खाच) हवा. मास्तरांच्या पेंटियमला तो आहे का? शिवाय हँडीकॅम बॅगेत राहतो. बॅग कपाटात राहते. पोरगी काय बॅग काढेपर्यंत थांबणार आहे?

फ्लिपबद्दल. मागच्या बाजूला मधोमध एकच मोठं लाल बटण. दाबलं की सुरू, परत दाबलं की बंद. सेटिंग म्हणावं असं जवळजवळ काही नाहीच. सासूबाई टीव्हीच्या रिमोटला सुद्धा वचकून असतात, त्यांनी शेजारच्या बारशाचं अख्खं शूटिंग मला एकही फोन न करता केलं. बाजूची कळ ढकलली की यूएसबीचा दांडा बाहेर येतो, तो थेट कॉम्प्युटरला लावायचा. फ्लिपशेअर नावाचं सॉफ्टवेअर कॅमेऱ्यातच असतं. आत आठ जीबी मेमरी, त्यात १२० मिनिटं बसतात. आणि तुमच्या भारनियमनासाठी मोठी सोय म्हणजे यात दोन पेन्सिल सेल चालतात. सोबत रिचार्जेबल पॅक येतो, पण तो उतरला तर किराणा दुकानातून दोन सेल आणायचे आणि पुढे चालू.

अडचण अशी की कार्डाला जागाच नाही. दोन तास भरले की कॉम्प्युटर गाठायचा किंवा आधीचं काही पुसायचं. भजन रात्रभर चालत असेल तर मधेच अडकाल.

त्याहून मोठी अडचण: बाहेरचा माइक लावायची सोय नाही. तुमचं पत्र वाचताना मला सगळ्यात आधी हेच खटकलं. तुमच्या वडिलांचं गाणं हे चित्राआधी आवाजाचं काम आहे. कॅमेऱ्याचा स्वतःचा माइक टीचभर असतो आणि जे जवळ आणि जोरात, ते त्याला आधी ऐकू येतं. मंदिरात कॅमेरा दहा फुटांवर ठेवलात तर टाळ ऐकू येतील, कुणीतरी खोकेल ते ऐकू येईल, वडील नाहीत.

झेडआय८ ला ३.५ मिलिमीटरचं माइकचं भोक आहे. या किमतीच्या कॅमेऱ्यांत ही चैन दुर्मीळ. प्लेस्पोर्टला नाही. (तो पाण्यात तीन मीटरपर्यंत चालतो, कोकणात असता तर मी तोच घ्या म्हटलं असतं.) ब्लॉगीची लेन्स फिरते, स्वतःचं शूटिंग स्वतः करायला मजेशीर, पण तुमच्या तीनही कामांत तिचा उपयोग मला दिसत नाही.

झेडआय८ चं दुसरं म्हणजे फोकसचा खटका. फ्लिपचा फोकस कायमचा ठरलेला, फार जवळ गेलात की धूसर. झेडआय८ वर खटका मॅक्रोकडे सरकवला की वीतभरावरच्या वस्तूवरची अक्षरं वाचता येतात. तुमचा फ्लास्क याच अंतरात बसतो. फक्त काम झालं की खटका परत सरकवायचा, नाहीतर पुढचं सगळं धुक्यात. आईंच्या हातात देण्याआधी तेवढं पाहून द्या.

मेमरी कार्ड एसडीएचसी प्रकारचं, ३२ जीबीपर्यंत. बॅटरी काढता येते, केएलआयसी-७००४ नावाची. फुजीची एनपी-५० तीच बसते, त्यामुळे दुसरी बॅटरी स्वस्तात मिळते. एका बॅटरीवर साधारण तासभर धरा. म्हणजे तुम्हाला दोन लागतीलच. सेलची सोय मात्र इथे नाही.

१०८०पी वर जीव टाकू नका. लेन्स शेंगदाण्याएवढी, आतला सेन्सर त्याहून लहान. आकडा वाढला म्हणून चित्रात जीव येत नाही, फाइल तेवढी फुगते. तुमच्या पेंटियम ४ वर १०८०पी ची एच.२६४ फाइल (म्हणजे दाबून लहान केलेला व्हिडिओ, उलगडायला कॉम्प्युटरला जड) लावून बघा, चित्र अडकत अडकत चालेल आणि आवाज पुढे निघून जाईल. पहिल्याच दिवशी मेनूत जाऊन ७२०पी, सेकंदाला ३० फ्रेम असं करून टाका आणि तो मेनू विसरून जा. २१ इंची टीव्हीवर तर ७२०पी सुद्धा पूर्ण दिसणार नाही.

पळणारी मुलगी. ७२०पी ला ६० फ्रेमचा पर्याय आहे, अंगणात उजेडात तो वापरून पाहा, हालचाल सफाईदार दिसते. घरात संध्याकाळी नको, उजेड कमी पडतो. आणि तिच्यामागे कॅमेरा गरागरा फिरवू नका. या सगळ्या कॅमेऱ्यांत सीमॉस सेन्सर असतो, तो चित्र वरून खाली एकेक ओळ करून वाचतो. कॅमेरा झटक्यात फिरला की दाराची चौकट तिरकी होते, भिंती डुलायला लागतात. खाली बसा, तिच्या उंचीला कॅमेरा धरा आणि तिला चौकटीत येऊ द्या, चौकटीतून जाऊ द्या. परत येतेच.

आणखी एक. या कॅमेऱ्यांना दिसतं फार थोडं, चौकट अरुंद असते. दहा बाय दहाच्या खोलीत चार माणसं एकत्र घ्यायची म्हणजे पाठ भिंतीला लावावी लागते. डिजिटल झूमचं बटण आहे, त्याला हात लावू नका.

सिस्कोनं गेल्या वर्षी फ्लिपची कंपनी ५९ कोटी डॉलरला विकत घेतली. राउटर विकणाऱ्यांना बारशाच्या शूटिंगमध्ये काय दिसलं देव जाणे. असो.

सडेतोड | १५ सप्टेंबर २०१०

फायरवायरचा मुद्दा मान्य. झूमचा नाही. मंदिरात मागे बसून काय करणार?

खारी_बिस्कीट | १५ सप्टेंबर २०१०

मुलगाच शूटिंग करणार आहे ना? मग मागे कशाला बसेल, पुढे बसेल.

रीळवाला | १६ सप्टेंबर २०१०

पुण्यात लग्नांची शूटिंग करतो, त्यामुळे माझा कॅमेरा खिशात मावत नाही. पण मास्तर, तुम्हाला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. त्या अमेरिकेतल्या रिव्ह्यूत येणार नाहीत, कारण तिकडे हा प्रश्नच येत नाही.

पहिली, ट्यूबलाइट. आपली वीज ५० हर्ट्झची. चोक असलेली जुनी ट्यूब सेकंदाला शंभर वेळा उजळते-मंदावते. डोळ्याला कळत नाही. तिकडची वीज ६० हर्ट्झची, तिथे ट्यूब १२० वेळा लुकलुकते आणि कॅमेरा ३० फ्रेम घेतो. प्रत्येक फ्रेमला बरोबर चार लुकलुकी येतात, हिशेब जुळतो. आपल्याकडे शंभराला तीसनं भागा. तीन आणि वर काहीतरी उरतं. ते उरलेलं चित्रात पट्ट्यांसारखं सरकत राहतं, किंवा सगळं चित्र धडधडतं. मोठ्या कॅमेऱ्यात मी शटर पन्नासाव्या भागावर ठेवतो आणि प्रश्न मिटतो. या छोट्यांत शटर तुमच्या हातात नाही, सगळं ऑटो. मेनूत कुठे ५० हर्ट्झ असा पर्याय दिसला तर आधी तो निवडा. नसेल तर दिवा बदला. सीएफएल किंवा इलेक्ट्रॉनिक चोकची ट्यूब एवढी भरभर लुकलुकते की कॅमेऱ्याला पत्ता लागत नाही. साधा पिवळा बल्ब पण चालतो, त्याची तार तापलेलीच राहते. मंदिरात जुन्या ट्यूब असणार. भजनाच्या दिवशी वडिलांच्या बाजूला दोन मोठे सीएफएल लावा. देवाला उजेड जास्त झाला म्हणून कुणी तक्रार करणार नाही.

दुसरी, आवाज. खारीताईंनी माइकचं बरोबर सांगितलं. पण माइक लावल्यावरही या कॅमेऱ्यात आवाजाची पातळी कॅमेराच ठरवतो. टाळ खणकन वाजला की तो घाबरून सगळाच आवाज खाली ओढतो आणि मग हळूहळू वर आणतो. अभंगाच्या प्रत्येक ओळीला वडिलांचा आवाज बुडणार आणि वर येणार. उपाय एकच, माइक टाळापासून लांब आणि गळ्याच्या जवळ. कॉलरचा माइक घ्या. सदऱ्याच्या दुसऱ्या बटणापाशी लावायचा, उपरणं घासणार नाही असं बघायचं. हार्मोनियमवर चिकटवू नका, भात्याचा फसफस आवाज गाण्यापेक्षा मोठा येतो.

आणि शक्य असेल तर माझं ऐका. एकादशीची वाट बघू नका. एखाद्या दुपारी घरी, पंखा बंद करून, टाळ-पखवाज काही नको, नुसते वडील आणि पेटी घ्या. दोन-तीन अभंग. मंदिरातलं शूटिंग आठवण म्हणून राहील, ऐकायला मात्र हेच लावाल.

खारी_बिस्कीट | १६ सप्टेंबर २०१०

रीळवाले, लुकलुकीचं मला ठाऊकच नव्हतं! सासूबाईंनी केलेल्या बारशाच्या शूटिंगमध्ये भिंतीवर पट्टे का सरकत होते ते आज कळलं.

माइक ऑडिओ-टेक्निकाचा एटीआर-३३५० बघा, इथे झेडआय८ वाले बरेच जण तोच वापरतात. पंचवीस डॉलरच्या आसपास मिळतो. वायर वीस फुटांची, म्हणजे वडील पेटीपाशी आणि तुम्ही खांबाआड. त्यात बटणासारखा एलआर४४ सेल असतो आणि वायरीवर चालू-बंदचा खटका. चालू राहिला तर सेल उतरतो, बंद राहिला तर आवाजच येत नाही, आणि कॅमेरा याबद्दल काहीही सांगत नाही. इयरफोन लावून ऐकायची सोयही नाही. म्हणून आधी दहा सेकंद घ्यायचं, लावून ऐकायचं, मग खरं शूटिंग.

कोरा_कागद | १७ सप्टेंबर २०१०

तुम्ही लोक अजून कॅमेऱ्यातच? जूनमध्ये आयफोन ४ आला, त्यात ७२०पी आहे. दोन वर्षांत हे फ्लिप-बिप कुणी विचारणार नाही. थांबा म्हणावं मास्तरांना.

मळ्यातला_मास्तर | १७ सप्टेंबर २०१०

कागदराव, तो तिकडे दोनशे डॉलरला दोन वर्षांच्या करारावर मिळतो असं ताई म्हणाली. करार तिचा, बिल तिचं, आणि फोन इस्लामपुरात माझ्या खिशात, असं जमत असेल तर कळवा. शिवाय पोरगी दोन वर्षांत साडेतीनची होईल आणि वडील ७६ चे.

सगळ्यांचे आभार. रीळवाल्यांचा शंभर भागिले तीस हा हिशेब उद्या वर्गात सांगणार आहे, पोरांना बीट्स (दोन जवळच्या कंपनांची धडधड) शिकवायला फिजिक्सच्या सरांनाही देतो.

एक राहिलं. ताईला व्हिडिओ पाठवायचे कसे? तिला आठवड्याला एक तरी हवा असतो. मी हिशेब केला. आठ जीबीत दोन तास म्हणजे मिनिटाला साधारण ६७ एमबी. माझ्या लाइनवर पूर्ण वेग मिळाला तरी एक मिनिटाचा व्हिडिओ चढायला ३५ मिनिटं. त्यात वीज गेली की परत पहिल्यापासून.

खारी_बिस्कीट | १७ सप्टेंबर २०१०

मूळ फाइल पाठवूच नका. हँडब्रेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात ६४० बाय ३६० करा, बिटरेट (सेकंदाला किती डेटा) ७०० केबीपीएसच्या आसपास ठेवा. मिनिटाला पाच-सहा एमबी होतात, तीन मिनिटांत चढेल. तुमच्या पेंटियमला ते करायला बराच वेळ लागेल, ते रात्री लावून झोपा. (वीज असेल तर.) मग यूट्यूबवर चढवा आणि "अनलिस्टेड" निवडा. ही सोय मे महिन्यातच आली. ज्याच्याकडे दुवा आहे त्यालाच दिसतं, शोधून सापडत नाही, आणि ताईंच्या सासरच्यांना खाती उघडत बसावं लागत नाही. एका वेळी पंधरा मिनिटांपर्यंत चालतं, तेवढं तुम्ही पाठवणार नाहीच.

मूळ फाइली मात्र पुसू नका. ७२०पी चा तासाभराचा ऐवज एका डीव्हीडीत मावतो. दोन प्रती करा, एक ताईंच्या बॅगेत.

सडेतोड | १८ सप्टेंबर २०१०

डीव्हीडीवर तारीख आणि नाव पेननं लिहा. आमच्याकडे ढीगभर आहेत, कशात काय आहे ते कुणाला माहीत नाही. हे तरी माझं ऐका.

मळ्यातला_मास्तर | १९ सप्टेंबर २०१०

ठरलं. झेडआय८, आठ जीबीची दोन कार्डं, एक जास्तीची बॅटरी आणि तो कॉलरचा माइक. ताईनं किमती बघितल्या, दोनशेच्या थोडं वर जातंय. वरचे पैसे तिनं भाऊबीज म्हणून माझ्याकडून न घेता उलटे मलाच द्यायचं कबूल केलंय, हा व्यवहार आमच्या आईला पसंत नाही. बायकोची एकच अट होती, लाल बटणाची. तिला झेडआय८ चा फोटो दाखवला, मधोमध बटण आहे म्हटल्यावर तयार झाली. फोकसच्या खटक्यावर मी नेहमीच्या बाजूला पांढऱ्या ऑइलपेंटचा ठिपका देणार आहे. ठिपका दिसत असेल तरच शूटिंग, असा आईसाठी नियम.

मुंबई विमानतळावर कस्टम्सवाले काही म्हणतील का?

खारी_बिस्कीट | १९ सप्टेंबर २०१०

पंचवीस हजारांपर्यंतच्या सामानाला सूट आहे, तुमचं दहा हजारांच्या आसपास. पावती जवळ ठेवायला सांगा म्हणजे झालं. कॅमेरा आणि बॅटऱ्या हातातल्या बॅगेत, चेक-इनमध्ये नको. आणि निघण्याआधी ताईंना घरीच कार्ड घालून एकदा चालवून बघायला सांगा. काही बिघाड असेल तर तिथे दुकानात बदलून मिळेल, इस्लामपुरातून नाही.

रीळवाला | २० सप्टेंबर २०१०

एलआर४४ सेल आणू नका तिकडून. कुठल्याही घड्याळजीकडे मिळतो.